कांचनार गुग्गुळ आणि गाठीवरचे लेप

कांचनार गुग्गुळ (कांचनाराची साल आणि गुग्गुळाचा डिंक वापरून केलेलं आयुर्वेदिक औषध) घेऊन मानेतली गाठ जिरली, असा अनुभव एकाने सांगितलाय, त्यात थोडी भर. गंडमाळेवर, म्हणजे मानेत ओळीने येणाऱ्या गाठींवर, हे औषध शार्ङ्गधरसंहिता या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात सांगितलंय, म्हणजे परंपरा जुनी आहे. कांचनाराच्या सालीवर प्रयोगशाळेत आणि उंदरांवर काम झालंय, सूज कमी झाल्याचंही दिसलंय. पण माणसांवरचा भक्कम पुरावा फार तोकडा आहे. शिवाय सर्दी-घसादुखीत सुजलेली गाठ बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आपोआप बसते, आणि श्रेय त्या काळात जे घेतलं त्याला जातं!

हळदीच्या लेपाने सहसा नुकसान नाही. बिब्बा मात्र अजिबात लावू नका. त्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, आणि मग डॉक्टरांना खालची गाठ नीट चाचपताही येत नाही. गुग्गुळामुळे प्रोप्रानोलोल, डिल्टियाझेम ही औषधं शरीरात कमी शोषली जातात, तेव्हा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारा.

गाठ टणक, न हलणारी किंवा गळपट्टीच्या हाडावर असेल, सोबत वजन घटत असेल, रात्री घाम येत असेल, तर काढे बाजूला ठेवून सुईने तपासणी करून घ्या. टीबीची गाठ निघाली तर साधारण सहा महिन्यांचा कोर्स लागतो, लेपाने ती बरी होत नाही.