ॲटिकस फिंच मोठा माणूस आहेच, पण त्या कादंबरीतलं खरं धाडस टॉमचं आहे

पिंपळपान

हार्पर लीची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ काल रात्री तिसऱ्यांदा वाचून संपवली. कॉलेजात वाचली तेव्हा ॲटिकसच्या प्रेमात पडले होते. या वेळी जीव दुसऱ्याच माणसात अडकला, म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: १९३० च्या दशकातलं अलाबामा, मेकॉम नावाचं काल्पनिक गाव. वकील ॲटिकस फिंचची लहानगी मुलगी स्काउट गोष्ट सांगते. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर मायेला युएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आळ येतो. ॲटिकस त्याच्या बाजूने लढतो. टॉम निर्दोष आहे हे भर कोर्टात दिसतं, तरी गोरे ज्युरी त्याला दोषी ठरवतात.

टॉम शपथ घेतो तो प्रसंग पुन्हा वाचा. लहानपणी त्याचा डावा हात कापसाच्या जिनमध्ये सापडून कायमचा निकामी झालाय. तो उजव्या हाताने डावा उचलतो, बायबलवर ठेवतो. शपथेसाठी उजवा वर केला की डावा घसरून टेबलावर आपटतो. तो पुन्हा ठेवायला जातो, तेव्हा न्यायाधीश म्हणतात, राहू दे. खटल्याचा निकाल खरं तर तिथेच लागायला हवा होता, कारण मायेलाच्या चेहऱ्यावरचे मार उजव्या बाजूला आहेत, म्हणजे मारणाऱ्याचा डावा हात चालता असणार.

मग सरकारी वकील विचारतो, तिची लाकडं फोडून दिलीस, कामं केलीस, तीही फुकट, कशासाठी? टॉम सांगतो, मला तिची दया आली. साऱ्या कोर्टाला हे वाक्य झोंबतं. कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्या बाईची कीव करायची? टॉमला तिथे काहीही सांगता आलं असतं. त्याने खरं सांगितलं. ॲटिकस हरला तरी रात्री घरी जाऊन झोपला. तुरुंगातून पळताना टॉमच्या अंगात शेवटी १७ गोळ्या घुसल्या. मग नायक कोण?

काळा कोट

पिंपळपान, तळमळ पोचली, पण सहमत नाही. त्या वाक्यानंतरची ओळ तुमच्या नजरेतून सुटली. टॉमला आपली चूक कळते आणि तो खुर्चीत अस्वस्थ होतो, असं लेखिकेने स्पष्ट लिहिलंय. तोंडून निघून गेलेल्या सत्याला मी धाडस म्हणणार नाही. आपण हरणार हे आधीच ठाऊक असूनही सुरुवात करायची आणि शेवटपर्यंत रेटायचं, याला ॲटिकस धाडस म्हणतो. ते सांगताना त्याच्यासमोर मॉर्फिनचं व्यसन मरण्याआधी सोडवणारी खाष्ट म्हातारी मिसेस ड्यूबोज आहे, तो स्वतः नाही. पण व्याख्या त्यालाही लागू पडते.

मी २२ वर्षं जिल्हा न्यायालयात फौजदारी करतोय. ज्याचं वकीलपत्र घ्यायला कोणी तयार नव्हतं, अशा एका आरोपीचं मी घेतलं. पुढचे चार महिने बार रूममध्ये माझ्या टेबलावर कोणी चहाला बसलं नाही. मोठं काही घडलं नाही, एवढंच. पण मुलगी शाळेतून रडत आली त्या दिवशी ॲटिकसला काय वाटलं असेल ते मला कळलं. त्याची उलटतपासणी वाचा. आवाज न चढवता तो मायेलाच्या बापाकडून, बॉब युएलकडून पाकिटावर सही करून घेतो आणि बाप डावखुरा निघतो. त्या क्षणी मार कुणी दिला असेल हे कोर्टाला दिसतं.

निळी पहाट

काळा कोट सर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण ॲटिकसने ही केस स्वतःहून घेतली नव्हती, न्यायाधीशांनी त्याच्याकडे सोपवली होती.

आणि माझा आक्षेप वेगळाच आहे. निकालानंतर वरच्या गॅलरीतले सगळे कृष्णवर्णीय उठून उभे राहतात आणि त्यांच्या चर्चचे रेव्हरंड साइक्स स्काउटला म्हणतात, ऊठ, तुझे वडील जातायत. वाचताना माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. पण ती माणसं आत्ता आपला एक माणूस गमावून बसलीयत आणि पुस्तक त्यांना फक्त उभं राहायला लावतं! गॅलरीतून घरी जाताना ती आपसांत काय बोलली असतील? एक ओळ नाही. फिंचांची कृष्णवर्णीय स्वयंपाकीण कॅल्पर्निया इतकी वर्षं त्या घरात राबते, तिला त्या रात्री काय वाटलं? तेही नाही. कॅल्पर्निया मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते तेव्हा लूला नावाची एकच बाई विचारते, या गोऱ्या पोरांना इथे का आणलंस, आणि तीच भांडखोर ठरते.

आपल्याकडे दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आलं, तेव्हा कुणा सहृदय वकिलाच्या मुलीने ते सांगितलं नव्हतं. फरक तिथे आहे.

काळा कोट

केस सोपवली होती हे खरं. पण सोपवलेली केस वाऱ्यावर सोडता येते. १९३१ मध्ये अलाबामातच स्कॉट्सबरोला नऊ कृष्णवर्णीय पोरांवर दोन गोऱ्या मुलींवर बलात्काराचा आळ आला. बचावाला मिळालेले वकील इतके बिनतयारीचे होते की १९३२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच मुद्द्यावर शिक्षा रद्द केल्या. पुढे जेम्स हॉर्टन या गोऱ्या न्यायाधीशाने १९३३ मध्ये ज्युरीचा निकाल बाजूला सारला आणि १९३४ च्या निवडणुकीत पद गमावलं. अशा माणसांना मोजायचंच नाही का? जोतिरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ कुणाला अर्पण केली, आठवा. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना.

निळी पहाट

अर्पण केली, अगदी बरोबर. पण पुस्तक जोतिरावांनी स्वतः लिहिलं.

सईची आई

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेकीला नववीत हीच कादंबरी होती. वर्गात एकच कृष्णवर्णीय मुलगा. मोठ्याने वाचन चालू असताना पुस्तकातली कृष्णवर्णीयांसाठीची ती शिवी आली आणि सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. सई घरी येऊन म्हणाली, “आई, तो वहीत उगाच रेघा ओढत बसला होता.” तिने ते मला तीनदा सांगितलं.

इथे हा वाद नवा नाही. मिसिसिपीतल्या बिलॉक्सीत २०१७ मध्ये पुस्तक आठवीच्या अभ्यासातून काढलं, मिनेसोटातल्या डुलूथने २०१८ मध्ये सक्तीच्या यादीतून. मला पुस्तक काढणं पटत नाही. पण सगळे ज्या निरागसतेचं कौतुक करतात, तिच्याबद्दल मला आता प्रश्न पडतो. स्काउटला आणि तिचा भाऊ जेमला जग अन्यायी आहे हे कोर्टात पहिल्यांदा कळतं. टॉमच्या पोरांना ते कळायला कोर्टाची गरज नव्हती. सरकारी वकील टॉमशी कसा बोलतोय हे ऐकून स्काउटचा दोस्त डिल रडत बाहेर पळतो, त्याचं ते रडणं खरंच आहे. पण सईच्या वर्गातल्या त्या मुलाला रडत बाहेर पळायचीही सोय नव्हती.

काळा कोट काका, तुम्ही घेतलेल्या केसमधला आरोपी सुटला का?

काळा कोट

सुटला. पावणेचार वर्षं आत काढून. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, मी वर माझा चहा सांगितला, त्याची पावणेचार वर्षं नाही सांगितली. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

निळी पहाट

सर, मनापासून लिहिलंत. एक गोष्ट जोडते. मेकॉम ज्या गावावरून उभं केलं ते मन्रोव्हिल, लीचं स्वतःचं गाव. तिथलं जुनं कोर्ट आता संग्रहालय आहे आणि गावकरी दरवर्षी या कादंबरीवरचं नाटक करतात. त्याच गावात वॉल्टर मॅकमिलियन या कृष्णवर्णीय माणसाला १९८७ मध्ये एका गोऱ्या तरुणीच्या खुनासाठी पकडलं. खुनाच्या वेळी तो घरी होता हे सांगणारे कितीतरी साक्षीदार होते. खटला उभा राहण्याआधीच त्याला फाशीच्या कैद्यांमध्ये ठेवलं. सुटका १९९३ मध्ये, ब्रायन स्टीव्हनसन या कृष्णवर्णीय वकिलाने लढून मिळवलेली. ॲटिकसवर इतकं प्रेम करणारं गाव, आणि तिथे हे घडलं.

पिंपळपान

काळा कोट, ती ओळ पुन्हा काढून वाचली. तुम्ही बरोबर आहात, टॉमला चूक कळते. माझा शब्द चुकला असेल. पण दया येणं ही ज्याच्यासाठी चूक ठरते, त्याने ती केली, हे माझ्या मनातून जात नाही.

टॉमच्या बायकोचा, हेलनचा प्रसंग मी दोन वेळा वाचूनही विसरले होते. टॉम गेल्याचं सांगायला ॲटिकस आणि कॅल्पर्निया तिच्या दारात जातात. घरातून एक छोटी मुलगी येऊन पायरीवर उभी राहते. ॲटिकस हॅट काढून तिला आपलं बोट देतो, हळूच खाली उतरवतो. हेलन येते, म्हणते, बसा ना, मिस्टर फिंच. मग तीही बोलत नाही, तोही बोलत नाही. आणि ती तिथेच मातीत कोसळते. त्याने अजून काहीच सांगितलेलं नसतं.