हेपॅटायटिस सी: औषध फुकट, मग सुई घेणारी बाई अडते कुठे?

गोदाकाठ: हेपॅटायटिस सी म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या विषाणूने होणारा यकृताचा आजार; २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्याची तपासणी आणि औषध मोफत आहे. तरी नाशिकमध्ये नशेची सुई घेणाऱ्या बायकांसाठी आठवड्यातून एक दुपार राखून ठेवावी, समुपदेशकही बाईच असावी. पुष्कळदा टोचून देतो तो नवरा किंवा मित्र. आधी स्वतःला, मग तिला. सुई बदलली तरी चमचा, कापूस, पाणी तेच.

सातपूरकर: वेगळी दुपार म्हणजे कपाळावर शिक्का. दारात दिसली की पंचवटीपर्यंत बोभाटा. सिरोसिस (यकृत कडक, खरबरीत होणं) नसेल तर सोफोसबुविर ४०० आणि डॅक्लाटासविर ६० मिलिग्रॅम, रोज एकेक, १२ आठवडे. बाईला काही निराळी गोळी नाही. आहे तीच ओपीडी सुधारा.

लॅबवाली: दादा, गोळीच्या आधीच गळती होते. पहिली तपासणी अँटीबॉडीची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनांची; ती पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी लागण झाली होती, एवढंच. काहींचा विषाणू आपोआप जातो, बायकांत जरा जास्तच. म्हणून व्हायरल लोड, म्हणजे रक्तात आत्ता विषाणू आहे का ही तपासणी, लागते, आणि त्यासाठी ‘परत या’ म्हटलं की संपलं. दुसरी ट्यूब पहिल्याच टोचणीत भरून ठेवा. शिरा कडक झालेल्या असतात; आधी गरम शेक द्या, बटरफ्लाय सुई वापरा, आणि कुठली शीर चालू आहे ते तिलाच विचारा. आपल्यापेक्षा तिला नक्की ठाऊक असतं.

सातपूरकर: ट्यूबचं पटलं. पण त्याला वेगळी दुपार कशाला?

गोदाकाठ: कारण गोळी सुरू करण्याआधी गरोदरपणाची तपासणी करावी लागते. गरोदर असेल तर उपचार सहसा बाळंतपणानंतर. गर्भाला घातक असलेलं रिबाव्हिरिन हे औषध जोडीला द्यायची वेळ आली तर उपचारभर आणि पुढेही काही महिने गर्भनिरोधक. नवरा शेजारी बसलेला असताना ती काय बोलणार? शिवाय अंगावर पाजणं बंद करायला सांगणारे महाभाग आहेतच. स्तनाग्राला भेगा पडून रक्त येत असेल तेवढ्यापुरतंच थांबायचं.

सातपूरकर: आणि नशा चालूच असेल तर? औषध पाण्यात.

लॅबवाली: नशा चालू आहे हे उपचार नाकारायचं कारणच नाही. टीबीचं औषध रिफाम्पिसिन चालू आहे का, ते मात्र विचारा. त्याने हेपॅटायटिसच्या गोळ्यांची रक्तातली पातळी घसरते. नशेच्या सुईऐवजी दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी घ्यायला ती रोज जाते तिथेच ही गोळीही द्या.

गोदाकाठ: त्या रांगेत सगळे पुरुष असतात, ताई.

सातपूरकर: मग तिथेच बायकांची वेळ आधी ठेवा, नवी पाटी नको. आणि टोचून देणाऱ्यालाही तपासा. ती बरी झाली तरी त्याच्या सिरिंजमधून पुन्हा लागण होऊ शकते.