शैलीतला फॉन्ट आणि मराठी ल, श

लिब्रेऑफिस रायटर या मोफत लेखन-सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाच्या शैलीत (म्हणजे मांडणीच्या ठरवून ठेवलेल्या नमुन्यात) फॉन्ट बदलूनही मराठी मजकूर जसाच्या तसा राहतो, अशी आपली अडचण आहे. शैलीच्या खिडकीत रोमन लिपीसाठी एक आणि देवनागरीसारख्या लिपींसाठी दुसरा असे दोन स्वतंत्र फॉन्ट असतात. आपण बहुधा पहिलाच बदलला असावा. दुसरा दिसत नसेल, तर भाषेच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' (देवनागरीसारख्या लिपींची सोय) सुरू करावे.

तिथेच भाषा हिंदीऐवजी मराठी निवडावी, कारण ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरे अंतर्भूत आहेत, तो फॉन्ट भाषेची ही नोंद पाहूनच पाकळीचा ल आणि देठाचा श दाखवतो, आणि हीच रूपे 6 नोव्हेंबर 2009 च्या शासननिर्णयाने प्रमाण मानली आहेत. येथे कोल्हापुरात आमच्या पेठेतील तालमीची स्मरणिका मी जुळवली, तेव्हा ही नोंद राहून गेल्याने सगळे ल हिंदी वळणाचे छापले गेले आणि ज्येष्ठ मंडळींनी (रास्तपणे) कान उपटले.

छपाईला मात्र पीडीएफच द्यावी. मूळ फाइल दिल्यास छापखान्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की पानांची मांडणी हमखास हलते.