गाडी विकली, पण आरसीवर नाव कोणाचे?

सचिव (ए-402): सर्व सभासदांस नमस्कार. पार्किंगच्या नव्या स्टिकरसाठी आपण प्रत्येकाकडून वाहनाच्या आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) प्रत मागवली होती. आलेल्या प्रती सोसायटीच्या नोंदवहीशी ताडून पाहताना असे आढळले की आवारात रोज उभ्या राहणाऱ्या काही वाहनांची नोंदणी अद्याप पूर्वीच्या मालकाच्याच नावावर आहे. उलट, काही सभासदांनी विकून टाकलेली वाहने परिवहन विभागाच्या नोंदीत अजूनही त्यांच्याच नावावर दिसत आहेत. स्टिकर कोणाला द्यायचे एवढाच प्रश्न असता तर समितीने तो परस्पर मिटवला असता, परंतु विषय त्याहून मोठा असल्यामुळे तो येथे मांडत आहे. संबंधितांनी आपापली अडचण सविस्तर लिहावी. सुप्रभात संदेश कृपया या चर्चेच्या मध्येच टाकू नयेत.

सी-501: सचिव साहेब, विकलेल्या वाहनांच्या यादीत माझी गाडी असणार. गेल्या दिवाळीत मी ती जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याला दिली. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली, मालकी बदलाच्या 29 आणि 30 क्रमांकाच्या नमुन्यांवर माझ्या सह्या घेतल्या गेल्या, आरसी आणि दोन्ही किल्ल्या मी दिल्या. परवा माझ्या मोबाइलवर सिग्नल तोडल्याचे ई-चलन आले. व्यापारी म्हणतो, ‘गाडी पुढच्या पार्टीला गेली आहे, ट्रान्सफर होऊन जाईल.’ पैसे मिळाल्यावर व्यवहार संपला असे मी धरून चाललो होतो. आता हे चलन मी भरायचे की त्याने?

डी-302 (वकीलताई): चलनाची रक्कम किरकोळ आहे, चिंता दुसऱ्या गोष्टीची करावी. मोटार वाहन कायदा 1988 मधील व्याख्येनुसार ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या प्रकरणात हेच स्पष्ट शब्दांत सांगितले. त्या प्रकरणातील मोटार नोंदणीकृत मालकाने 2007 मध्येच विकल्याचे म्हटले होते, त्यानंतर ती एकाकडून दुसऱ्याकडे अशी हात बदलत गेली आणि 2009 मध्ये तिच्या हातून अपघात झाला. मात्र मधल्या कोणीही नोंदणी आपल्या नावावर करून घेतली नव्हती. उच्च न्यायालयाने शेवटच्या खरेदीदारावर टाकलेली जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने काढून ती नोंदणीकृत मालकावर ठेवली. अपघातग्रस्ताने गाडी कोणी कोणाला विकली याचा माग काढत फिरावे अशी अपेक्षा कायदा करत नाही, असा त्या निर्णयाचा रोख आहे. म्हणजे तुमच्या गाडीचा विमा आज संपलेला असेल आणि ‘पुढच्या पार्टी’च्या हातून कोणी जखमी झाले, तर भरपाईची नोटीस तुमच्या दारावर येईल. तुम्ही ती गाडी दिवाळीनंतर पाहिलेलीही नाही, हा बचाव तेथे पुरा पडणार नाही.

सी-501: ताई, हे वाचून खरोखर धास्ती वाटली. सह्या केलेले नमुने त्याच्याकडे आहेत, तारीख मात्र कोरी आहे.

डी-302 (वकीलताई): कोरी तारीख हीच या धंद्यातली जुनी खोड आहे. व्यापारी स्वतःच्या नावावर गाडी करून घेत नाही, कारण तसे केल्यास मालकांच्या यादीत आणखी एक नाव वाढते आणि शुल्कही दोनदा भरावे लागते. म्हणून गिऱ्हाईक मिळेपर्यंत तुमची सही त्याच्या खणात पडून राहते. यावर उपाय म्हणून केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये नियम बदलले आणि ते 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. त्यानुसार जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्याने परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यायचे असते. गाडी त्याच्या ताब्यात देताना नमुना 29-सी द्वारे ऑनलाइन सूचना दिली की तेव्हापासून तो व्यापारी मालक मानला जातो आणि त्या काळातील जबाबदारी त्याची होते. तुमच्या व्यापाऱ्याकडे असे अधिकारपत्र आहे का आणि 29-सी भरला होता का, एवढे दोन प्रश्न त्याला आज लेखी विचारा. तोंडी विचारू नका.

सी-501: आणि तो भरलेला नसेल तर?

डी-302 (वकीलताई): तर कलम 50 खाली विक्रेत्याने द्यायची सूचना तुम्ही स्वतः द्या. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यावर 14 दिवसांत विक्रेत्याने नमुना 29 नोंदणी कार्यालयाला द्यायचा असतो आणि त्याची प्रत खरेदीदाराला पाठवायची असते. खरेदीदाराने 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. तुमची मुदत उलटून गेली आहे, तरीही गाडी ताब्यात दिल्याची पावती, बँकेचा उतारा आणि व्यापाऱ्याचे संदेश जोडून ती सूचना स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. एवढ्याने भरपाईची जबाबदारी आपोआप टळते असे मी म्हणणार नाही, कारण नोंदीतले नाव बदलेपर्यंत ती टळत नाही. परंतु गाडी एखाद्या गुन्ह्यात सापडली तर त्या दिवशी ती तुमच्या ताब्यात नव्हती हे दाखवायला हाच कागद उपयोगी पडेल. चलनावरही लेखी हरकत घ्या आणि त्यासोबत हीच कागदपत्रे द्या.

बी-103 (निवृत्त विमा अधिकारी): वकीलताईंनी नोंदणीची बाजू मांडली, विम्याची बाजू मी लिहितो, कारण नोकरीत याच मुद्द्यावर नाकारलेले दावे बरेच पाहिले. लोक समजतात की गाडीचा विमा गाडीबरोबर जातो. हे निम्मेच खरे आहे. कलम 157 प्रमाणे गाडी हस्तांतरित झाली की तिऱ्हाईत व्यक्तीच्या नुकसानीपुरता विमा नव्या मालकाकडे आपोआप गेला असे मानले जाते, आणि नव्या मालकाने 14 दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो. परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण असे आपोआप जात नाही. ते विमा कंपनी आणि जुना मालक यांच्यातील करारावर चालते. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच हा फरक स्पष्ट केला आहे. तेव्हा आरसी नव्या मालकाच्या नावावर आणि पॉलिसी जुन्याच्या नावावर, अशा अवस्थेत गाडी झाडावर आदळली किंवा चोरीला गेली, तर जुन्या मालकाचे नुकसान झालेले नाही आणि नव्या मालकाशी करार नाही, असे सांगून कंपनी हात वर करते. हप्ता पूर्ण भरलेला असतो, तरीही दावा उभा राहत नाही. पॉलिसीबरोबर घेतलेले मालक-चालकाचे 15 लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षणसुद्धा नावे जुळत नसतील तर नव्या मालकाच्या कुटुंबाला मिळत नाही, आणि ही गोष्ट फारच थोड्यांच्या लक्षात येते.

बी-604: काका, मी कोल्हापूरच्या नातेवाइकांकडून एमएच-09 ची मोटार घेतली आहे. आरसी ट्रान्सफरचा अर्ज केला आहे. पॉलिसीत 50 टक्के नो क्लेम बोनस दिसतो. तो आता मला मिळेल ना?

बी-103 (निवृत्त विमा अधिकारी): नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तुमच्या नातेवाइकांनी वर्षानुवर्षे दावा न करता तो 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत वाढवला, तो त्यांचा. पॉलिसी तुमच्या नावावर होताना उरलेल्या मुदतीच्या सवलतीचा फरक कंपनी तुमच्याकडून वसूल करेल. त्यांना मात्र गाडी विकल्याचा पुरावा देऊन कंपनीकडून बोनस राखल्याचे पत्र घेता येईल आणि ते 3 वर्षांच्या आत नव्या मोटारीसाठी वापरता येईल. त्या पुराव्यासाठी त्यांनाही ट्रान्सफर पूर्ण झालेले हवे असते, हे त्यांना सांगा. मग ट्रान्सफरच्या सहीसाठी त्यांच्या मागे लागावे लागणार नाही.

बी-604: हे ठाऊक नव्हते, धन्यवाद. आणखी एक अडचण अशी की आरसीवर बँकेचे नाव आहे. कर्ज फिटून बराच काळ लोटला, असे ते सांगतात.

डी-302 (वकीलताई): कर्ज फिटले तरी बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचे ना-हरकत पत्र आणि बँकेची सही-शिक्का असलेला नमुना 35 दिल्यावर तो उतरतो. ट्रान्सफर त्यामुळेच अडलेली असू शकते. पत्र जुने झाले असेल तर नवे मागावे लागेल आणि ते मागण्याचा अधिकार कर्जदाराचा, म्हणजे तुमच्या नातेवाइकांचा आहे. दुसरे म्हणजे, नोंदीत त्यांचा जुना मोबाइल क्रमांक असेल तर ओटीपी तिकडेच जाईल. तो आधी बदलून घ्या. तुमचा व्यवहार राज्यातलाच असल्याने क्रमांक एमएच-09 च राहील. गाडी गोव्याची किंवा कर्नाटकची असती तर नमुना 28 वर तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, इथला कर आणि नवा क्रमांक असा सगळा व्याप मागे लागला असता.

बी-103 (निवृत्त विमा अधिकारी): गाडीत नंतर बसवलेले सीएनजी किट आहे का, तेही पाहा. आरसीवर इंधनाच्या रकान्यात त्याची नोंद नसेल आणि पॉलिसीतही नसेल, तर आग लागल्याच्या दाव्यात पहिला आक्षेप त्यावरच निघतो.

बी-604: किट आहे. आरसी पाहिली, त्यावर फक्त ‘पेट्रोल’ आहे.

बी-103 (निवृत्त विमा अधिकारी): मग किट बसवणाऱ्याची पावती व प्रमाणपत्र नातेवाइकांकडून मागवा आणि ती नोंद आधी करून घ्या. चेसिस क्रमांकही स्वतः तपासा. गाडीवर कोरलेल्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासली की तो उमटतो. तो ठसा आरसीवरील आकड्यांशी एकेक अक्षर जुळवून पाहा. एजंट हे काम पार्किंगच्या अंधारात अर्ध्या मिनिटात उरकतात आणि 8 चा 3 झाला की फाइल परत येते.

ए-201: मी मराठी टंकलेखन हळू करते, सांभाळून घ्यावे. ह्यांची स्कूटर ह्यांच्याच नावावर आहे. मुलगा ती चालवतो. घरातलीच गाडी असल्याने काही करावे लागेल असे आम्हाला कोणी सांगितले नाही. ह्यांना जाऊन आता दोन महिने होतील.

डी-302 (वकीलताई): काकू, तुम्ही वेळेत विचारलेत. मालकाच्या निधनानंतर ज्याच्या ताब्यात वाहन येते त्याला ते 3 महिने वापरता येते, मात्र 30 दिवसांत निधनाची आणि वाहन वापरणार असल्याची माहिती परिवहन कार्यालयाला द्यायची असते. ती मुदत गेली असली तरी वाहन वारसाच्या नावावर करण्याच्या नमुना 31 वरील अर्जाची 3 महिन्यांची मुदत अजून हातात आहे. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, पीयूसी आणि इतर वारसांची संमती लागेल. 2021 पासून मालकाला आरसीवरच नामनिर्देशन करता येते. काकांनी ते केले असेल तर काम सोपे होईल. आरसीची प्रत मला पाठवा, मी पाहते.

बी-103 (निवृत्त विमा अधिकारी): वहिनी, पॉलिसीलाही मुदत आहे. विमाधारकाच्या निधनानंतर पॉलिसी लगेच बंद होत नाही. 3 महिने किंवा तिची मूळ मुदत, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत ती चालते. त्याआधी वारसाच्या नावावर करून घेतली पाहिजे. मुलाला दोन्ही अर्ज एकदमच करू द्या. विमा कंपनीचा अर्ज मी भरून देईन, संध्याकाळी घरीच असतो.

ए-201: भाऊजी, मुलगा शनिवारी पुण्यात आहे. त्याला तुमच्याकडे पाठवते. स्कूटरची पाटी मात्र जुनीच आहे, 2016 ची.

सचिव (ए-402): काकू, 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदवलेल्या सर्व वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची आहे आणि ती नसल्यास परिवहन कार्यालय मालकी बदलाचे काम अडवते. दुचाकीला 450 रुपये व जीएसटी असे शुल्क आहे. बसवण्याची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते. ती मी आजच घेऊन देतो. पाटीच्या नावाखाली येणाऱ्या कोणत्याही लिंकवर कृपया कोणीही पैसे भरू नयेत, अधिकृत संकेतस्थळावरूनच नोंदणी करावी.

सी-501: व्यापाऱ्याला दोन्ही प्रश्न लेखी विचारले. उत्तर आले की अधिकारपत्र ‘प्रोसेसमध्ये’ आहे.

डी-302 (वकीलताई): म्हणजे 29-सी भरलेला नाही, कारण अधिकारपत्राशिवाय तो भरता येत नाही. हे उत्तर जसेच्या तसे जतन करा. नमुना 29 ची सूचना सोमवारी टपालात टाका, मसुदा मी तपासून देते. त्याच वेळी व्यापाऱ्याकडून सध्या गाडी कोणाकडे आहे त्याचे नाव, पत्ता आणि गाडी दिल्याची तारीख व वेळ लेखी घ्या. वेळेला महत्त्व आहे. दुपारी 4 वाजता गाडी दिली आणि 6 वाजता अपघात झाला, अशा वेळी नुसत्या तारखेवरून काही कळत नाही.

बी-604: सी-501, फास्टॅग काढून घेतला होता का? तो तुमच्याच खात्याला जोडलेला असेल तर टोल तुमच्याच पैशांतून जात असेल.

सी-501: आत्ताच पाहिले. खालापूर आणि तळेगाव, दोन्हीकडचा टोल कापला गेला आहे. बँकेला टॅग बंद करण्यास कळवतो.

डी-302 (वकीलताई): कळवण्याआधी त्या नोंदींचा उतारा काढून ठेवा. गाडी कोणत्या दिवशी कोठे होती याचा तो पुरावा आहे, सूचनेला जोडता येईल.

सचिव (ए-402): समितीतर्फे असे ठरवतो की ज्यांची ट्रान्सफर प्रलंबित आहे त्यांनी परिवहनच्या अर्जाची पावती आणि चालू विम्याची प्रत कार्यालयात द्यावी, त्यांना तात्पुरते स्टिकर मिळेल आणि नोंदवहीत अर्ज क्रमांक लिहिला जाईल. विकलेल्या वाहनांची जुनी स्टिकरे परत करावीत. सी-501, तुमच्या गाडीच्या काचेवर आपल्या सोसायटीचे स्टिकर असेल, त्याचा क्रमांक मी आजच रद्द करतो आणि सुरक्षारक्षकांना कळवतो.

बी-604: नातेवाइकांशी बोलणे झाले. बँकेच्या पत्राचा अर्ज ते उद्या करतील. बोनसचे सांगितल्यावर लगेच तयार झाले.