घरच्या व्हिडिओ कॉलचं न सांगता केलेलं रेकॉर्डिंग: माझं चुकलं का?

कोयनाकाठ:
आमचं गाव पाटण तालुक्यातलं. भावंडं साताऱ्यात, पुण्यात, एक दुबईला. दर रविवारी रात्री नऊला झूमवर जमतो. फुकटचं खातं, चाळीस मिनिटांनी कॉल तुटतो, परत जोडतो. दिवाळीआधीच्या एका रविवारी आत्या अचानक ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचं सांगायला लागली. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती नवी नवरी होती. फळीवरची भांडी धडाधड खाली आली, म्हैस दावं तोडून पळाली, सासऱ्यांनी तिला अंधारात हाताला धरून अंगणात ओढलं. उजाडेपर्यंत सगळी वाडी शेतात शेकोटीभोवती बसून होती. आम्ही हे कुणीच कधी ऐकलं नव्हतं. शिकवणीच्या व्हिडिओंसाठी माझ्या लॅपटॉपवर ओबीएस हे पडदा रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर असतं, ते मी गुपचूप चालू केलं. "आत्या, थांब, रेकॉर्ड करतो" म्हटलं असतं तर पदर सावरून ती गप्प झाली असती, हे मला पक्कं ठाऊक आहे.

फेब्रुवारीत आत्या गेली. दिवसकार्य झाल्यावर ती फाइल घरच्या ग्रुपवर टाकली. सगळे रडले. एक चुलतबहीण मात्र भयंकर चिडली, आणि तेव्हापासून रविवारी येतच नाही. मला अजूनही वाटतं मी बरोबर केलं.

अजिंक्यतारा:
शंभर टक्के बरोबर. माझे आजोबा पत्री सरकारच्या गोष्टी सांगायचे. आज त्यातलं एक वाक्य त्यांच्या आवाजात आमच्याकडे नाही. परवानगीची वाट बघत बसलो असतो तर तुमच्याकडेही नसतं.

वाईची लेक:
दादा, ताई चिडल्या कशावर ते तुम्ही लिहिलंच नाही.

कोयनाकाठ:
आत्याचं झाल्यावर रेकॉर्डिंग बंद करायचं राहिलं. पुढे बहीण तिच्या नवऱ्याच्या कर्जाबद्दल आणि माहेरी परत यायचा विचार आहे त्याबद्दल बोलली. तेही फाइलमध्ये आलं. टाकण्याआधी मी शेवटपर्यंत बघितली नव्हती.

वाईची लेक:
मग हा प्रश्न आत्यांचा नाहीच. झूमचं स्वतःचं रेकॉर्डिंग लावलं की सगळ्यांना सूचना ऐकू येते, पडद्यावर खूण दिसते. माणूस जीभ आवरतो किंवा कॉलमधून बाहेर पडतो. ओबीएस बाहेरून पडदा टिपतं, समोरच्याला काहीच कळत नाही. तुमच्या ताई तुमच्या भरवशावर बोलल्या. माहेरी ओसरीवर बसून बोलावं तसं. त्या ओसरीवर कुणी टेप लपवून ठेवला होता हे चार महिन्यांनी, तेही सगळ्या भावकीसमोर कळणं म्हणजे काय असतं, याचा विचार करा. मी यातून गेलेय. माझं असंच एक बोलणं सासरी पोचलं होतं. पुढे दोन वर्षं मी आईशीही फोनवर मोकळं बोलले नाही.

आणि आता ती फाइल परत कशी घेणार? व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांसाठी पुसायची मुदत दोन दिवस बारा तासांची. ती गेली. ज्यांनी उतरवून घेतली त्यांच्या फोनवर ती राहणारच.

अजिंक्यतारा:
ताई, घरच्या माणसांत कसली आलीय परवानगी? २०२३ चा डेटा संरक्षण कायदासुद्धा घरगुती वापराला लागू होत नाही.

वाईची लेक:
कायदा लागू नाही म्हणून ताईंचा राग खोटा ठरत नाही. आणि खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असं २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलंय. तो घराच्या उंबऱ्याबाहेरच सुरू होतो असं थोडंच आहे?

कऱ्हाडचा मास्तर:
"सांगितलं असतं तर गप्प झाली असती" हे मला पटत नाही. आमच्या आईच्या ओव्या मी अशाच कॉलवर घेतल्या. दर वेळी सुरुवातीला सांगायचो, "आई, आज टेप चालू आहे." पहिले दोन रविवार ती अवघडली, तिसऱ्या रविवारी विसरली आणि जात्यावरचं सगळं आलं. ओबीएसमध्ये पूर्ण पडदा घ्यायचा नाही, फक्त कॉलची खिडकी घ्यायची, आणि झूममध्ये बोलणाऱ्याला पिन करायचं, म्हणजे तोच मोठा दिसत राहतो. डेस्कटॉप ऑडिओत समोरच्यांचा आवाज येतो, माइकमध्ये आपला. दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर ठेवले तर आपलं मधेमधे बोलणं नंतर काढता येतं. फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवा, मध्येच लाइट गेली तरी तोवरचं वाया जात नाही. आणि गोष्ट संपली की थांबवा. दादा, खरी चूक तिथे झाली.

अजिंक्यतारा:
मास्तर, तुम्हाला तीन रविवार मिळाले. सगळ्यांना मिळतात असं नाही.

कोयनाकाठ:
काल रात्री पूर्ण फाइल पहिल्यांदा बघितली. बहीण बोलताना तिचा आवाज कापतोय, आणि आम्ही सगळे तिला धीर देतोय. ते चौदा फोनांवर गेलंय. आत्याची अकरा मिनिटं कापून वेगळी ठेवली, मूळ फाइल माझ्याकडून पुसली, आणि एकेकाला फोन करून पुसायला सांगतोय. नऊ जणांनी पुसल्याचं सांगितलं. पण आत्याची अकरा मिनिटं न विचारता घेतली याचं मला वाईट वाटत नाही. ती मी ठेवणार.

वाईची लेक:
ठेवा. ताईंना मात्र ग्रुपवर माफीचा मेसेज टाकू नका. बसून, एकट्याने फोन करा.