स्कूटर: सुटताना थरथर आणि घाटात बेल्ट स्लिप – पूर्ण किट बदलावं का?

घाटवाट:
११० सीसी गिअरलेस, २७,००० किमी, बेल्ट कंपनीचाच. दोन तक्रारी आहेत. सिग्नलवरून सुटताना १० ते २० च्या वेगात सगळी गाडी थरथरते, पुढे गेलं की थांबते. आणि कुंभार्ली घाटात डबलसीट असताना इंजिनचा आवाज चढतो, गाडी मात्र तिथल्या तिथे. गॅरेजवाला बेल्ट, व्हेरिएटर (पुढची पुली), क्लच असं सगळं एकदम बदलायचं म्हणतोय. खरंच लागेल का?

पान्हा१४:
दोन तक्रारी म्हणजे बहुतेक दोन वेगळी दुखणी. उघडून बघितल्याशिवाय पैसे घालू नका.

थरथर जवळजवळ नेहमी मागच्या क्लचची असते. शू (ड्रमला आतून धरणारे तुकडे) आणि ड्रम घासून काचेसारखे गुळगुळीत होतात, मग एकदम न पकडता धरतात-सोडतात. शूवरचा घासणारा थर, म्हणजे लायनिंग, दोन मिलिमीटरच्या वर असेल तर शू टाकायची गरज नाही. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने शूची आणि ड्रमच्या आतली चकाकी मोडा, ब्रेक क्लीनरने पुसा. शूच्या पिना कोरड्या असतील तर उष्णता सोसणारं ग्रीस अगदी बोटाच्या टोकावर येईल एवढंच. तोंडाला फडकं बांधा, ती काळी धूळ हवेने उडवू नका.

घाटात नक्की काय घसरतंय ते खुणा सांगतात. ड्रमवर निळे डाग म्हणजे क्लच घसरतोय. बेल्टच्या कडा चमकतायत आणि कव्हरमध्ये रबराचा काळा भुगा आहे, म्हणजे बेल्ट. तो उलटा वाकवून दातांच्या मुळाशी चिरा बघा, रुंदी व्हर्नियरने मोजा. नव्यापेक्षा एक मिलिमीटर कमी भरला तरी माझ्या मते बदलायचा. तसाही बऱ्याच ११० सीसी गाड्यांत तो २४,००० ला बदलायचा असतो.

व्हेरिएटरमधले रोलर सहाही काढून काचेवर गडगडवा. एखादा टकटक करत थांबला तर तो एका बाजूने चपटा झालाय.

घाटवाट:
उघडलं. ड्रम साफ, निळं काही नाही. शू चकचकीत, लायनिंग ३ मिमी. बेल्ट नव्यापेक्षा १.२ मिमीने कमी, दोन रोलर चपटे. मागच्या पुलीच्या आतल्या बाजूला मात्र चिकट काळपट थर आहे, बेल्टच्या एका कडेलाही लागलाय.

कोकणीफिटर:
तो थर महत्त्वाचा, तो तसाच ठेवलात तर नवा बेल्टही घसरणार. पातळ आणि गिअर ऑइलचा वास येत असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं ऑइल सील गेलंय. घट्ट असेल तर मागच्या पुलीतलं ग्रीस ओ-रिंगमधून बाहेर आलंय. पुली सोडवून ओ-रिंग आणि सील नवीन टाका. तिथल्या तिरक्या खाचांतल्या पिना मोकळ्या सरकतात का तेही बघा, त्या अडकल्या तर चढावर पुली वेळेत मिटत नाही. दोन्ही पुल्यांचे फेस (बेल्ट टेकतो त्या तिरक्या चकत्या) क्लीनरने पुसून कोरडे करा. रोलर सहाही बदला, त्यांना ग्रीस लावू नका. बाजूचे तीन प्लास्टिकचे स्लाइडरही घ्या, स्वस्त असतात.

पान्हा१४:
एक चूक सगळ्यात जास्त होते. नवा बेल्ट मागच्या पुलीत खोल दाबल्याशिवाय पुढचा नट आवळायचा नाही. मागची पुली हाताने उघडून बेल्ट आत ढकला, म्हणजे पुढे तो सैल लोंबतो आणि फेस पूर्ण बसतो. नाहीतर बेल्ट फेसच्या मध्ये चिमटतो, नट आवळल्यासारखा वाटतो, आणि गाडी चालली की सैल होऊन शाफ्टवरच्या खाचा (स्प्लाइन) खातो. व्हेरिएटर चढवताना रोलरच्या मागची चकती (रॅम्प प्लेट) बोटाने दाबून धरा, नाहीतर रोलर आत सटकतो. पंख्याच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवू नका, मोडतात. पुली धरायचा होल्डर वापरा आणि नट आवळायचा जोर (टॉर्क) मॅन्युअलमधलाच द्या. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने.

घाटवाट:
बेल्ट पूर्ण वर चढतो का, हे कसं कळेल?

कोकणीफिटर:
पुढच्या फेसवर मध्यापासून कडेपर्यंत मार्करची एक रेघ मारा. मोकळ्या सपाट रस्त्यावर टॉप स्पीडला पळवून परत उघडा. बेल्ट जिथपर्यंत चढला तिथपर्यंत शाई पुसलेली दिसते. बाहेरच्या कडेला चार-पाच मिलिमीटर रेघ शिल्लक राहिली तर रोलर किंवा स्लाइडर अजून अडकतायत.