शाळेने 'इक्विटी' शब्द खोडला, गणिताचा वर्गही खोडला

पोटोमॅककाठचा
गेल्या मंगळवारी इथे अमेरिकेत मुलीच्या शाळेत पीटीएची, म्हणजे पालक-शिक्षक संघाची, बैठक होती. लायब्ररीतल्या सहावीच्या पोरांच्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन आम्ही वीसेक पालक बसलेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी पडद्यावर शाळेचा वार्षिक आराखडा लावला आणि आमच्यादेखत 'इक्विटी' (समता) शब्द शोधून तिथे 'ऑपॉर्च्युनिटी' (संधी) टाकत गेल्या. सतरा ठिकाणी! मोजलं मी, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. मजकूर तोच, कार्यक्रम तेच. मग जाता जाता कळलं की आठवीत अल्जिब्रा घेता यावं म्हणून संध्याकाळी चालणारा गणिताचा वर्ग बंद केलाय. का, तर त्याच्या पत्रकावर 'कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक विद्यार्थ्यांसाठी' असं छापलं होतं. नुसत्या बोलायच्या गोष्टी नाव बदलून राहिल्या आणि कामाचा वर्ग गेला.

मुंबई-पुण्याच्या मंडळींसाठी थोडं मागचं. १४ फेब्रुवारी २०२५ ला इथल्या केंद्रीय शिक्षण खात्याने शाळा-कॉलेजांना पत्र धाडलं. वंश पाहून प्रवेश देऊ नका हा हार्वर्ड प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल फक्त कॉलेजप्रवेशापुरता धरू नका, वंश पाहून काहीच करायचं नाही, चौदा दिवसांत सुधारा, नाहीतर निधीवर गदा. एप्रिलमध्ये राज्यांकडून तसं लेखी हमीपत्र मागितलं. न्यूयॉर्कने सही करायला साफ नकार दिला. २४ एप्रिलला न्यू हॅम्पशर, मेरीलँड आणि वॉशिंग्टन डीसी इथल्या तीन न्यायाधीशांनी एकाच दिवशी खात्याला चाप लावला. ऑगस्टमध्ये मेरीलँडच्या न्यायाधीशांनी पत्र आणि हमीपत्र दोन्ही रद्दबातल ठरवली. धोरण चांगलं की वाईट यात त्या पडल्या नाहीत, ते आणण्याची कायदेशीर पद्धत पाळली नाही एवढंच म्हणाल्या.

पण १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातलं टायटल सिक्स जागच्या जागी आहे. केंद्राचा पैसा घेणाऱ्या शाळेला वंश, रंग किंवा मूळ देश पाहून कुणाला बाहेर ठेवता येत नाही. माझं म्हणणं, वर्ग चालू ठेवा, पत्रकातली ती एक ओळ बदला. 'आठवीत अल्जिब्रा घ्यायचं असेल त्या कुणीही यावं.' आणि ज्या वस्त्यांमधून आजवर एकही मूल आलं नाही तिथल्या घरी फोन करा, स्पॅनिशमध्ये करा, परतीच्या बसची सोय करा. वकिलाला घाबरून वर्गाला कुलूप लावण्यात काय हशील?

दोन मुलांचा बाप
पत्रकावर 'कुणीही यावं' लिहायचं आणि फोन निवडक घरी करायचे. याला आमच्याकडे मागचं दार म्हणतात.

टीजेचं काय झालं आठवा. थॉमस जेफरसन हायस्कूल हो, नॉर्दर्न व्हर्जिनियातल्या प्रत्येक देशी घरात ज्याचं नाव निघतं ते. २०२० मध्ये प्रवेशपरीक्षा काढून टाकली, प्रत्येक मिडल स्कूलच्या वरच्या दीड टक्के मुलांसाठी जागा ठेवल्या. कागदावर वंशाचं नावसुद्धा नाही. पहिल्याच वर्षी आशियाई मुलांचं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५४ वर आलं. पालक कोर्टात गेले. २०२३ मध्ये अपील कोर्टाने शाळेच्या बाजूने निकाल दिला, २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला, तोही दोन न्यायमूर्तींचा विरोध नोंदवून. मे २०२५ मध्ये केंद्राने नव्याने चौकशी लावली तेव्हा कुठे कुणी दखल घेतली. माझी मुलं अजून दुसरी-चौथीत आहेत, त्यामुळे हे माझं वैयक्तिक दुखणं नाही. पण शनिवार-रविवार घासणाऱ्या पोराला 'तुमच्यासारखे फार झालेत' असं कुणी सांगितलेलं मला चालणार नाही.

एडिसनची मावशी
बापराव, त्याच अपील कोर्टाच्या निकालपत्रातला दुसरा आकडा तुम्ही सोईस्कर गाळलात. टीजेला प्रवेश मिळालेल्या आशियाई मुलांत कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं २०२० मध्ये किती होती? एक. नव्या पद्धतीत ५१. आणि सगळ्या समाजांची मिळून गरीब मुलं आधी एक टक्कासुद्धा नव्हती, ती चौथा हिस्सा झाली. 'आपली पोरं' म्हणजे फक्त एचवनवाल्यांची, नोकरीच्या व्हिसावर आलेल्या इंजिनिअरांची का? गॅस स्टेशनवर रात्रपाळी करणाऱ्या गुजराती भाऊंची, नेल सलूनमधल्या व्हिएतनामी बाईंची पोरं कुणाची मग?

आता पोटोमॅककर, तुमच्याकडे वळते. 'कुणीही यावं' हे दिसतं छान. आमच्या शाळेत रोबोटिक्सच्या वर्गाचा गूगल फॉर्म रात्री नऊला आला, नऊ वाजून दहा मिनिटांनी जागा संपल्या. व्हॉट्सअॅपवर आपल्याच बायका. मीही भरला, खोटं कशाला बोलू. ज्या आईची पाळी अकराला सुटते तिने सकाळी उठून 'जागा शिल्लक नाहीत' वाचलं. दार सगळ्यांना उघडं होतं की! नुसतं वंशाचं नाव काढून भागत नाही, त्याजागी गरजेचा निकष घालावा लागतो. शाळेत सवलतीचं जेवण मिळतं का, घरी इंग्रजी बोलतात का, आधीच्या वर्गात गणितात मागे पडलंय का.

दोन मुलांचा बाप
गरिबीचा निकष असेल तर माझी हरकत नाही, लिहून देतो. हरकत आहे ती हवं ते प्रमाण आधी मनात धरायचं आणि मग ते बरोबर निघेल असा निकष शोधायचा, याला. टीजेत तेच झालं असं मला आजही वाटतं, कोर्ट काहीही म्हणो.

ह्यूस्टनची बाई
मी शिकवते, म्हणून दोन शब्द. तुम्ही व्हर्जिनिया-जर्सीत निदान वाद घालताय. आमच्या टेक्सासात केंद्राचं पत्र राहिलं बाजूला, राज्यानेच कायदा केला. सप्टेंबर २०२५ पासून शाळांमधल्या डीईआयच्या, म्हणजे विविधता, समता आणि समावेशाच्या, कामावर बंदी. कोर्टाने केंद्राचं पत्र उडवलं म्हणून आम्हाला काडीचा फरक पडत नाही. तेव्हा सल्ले देताना राज्य विचारून घ्या.

आणि खरं नुकसान कायद्याच्या भाषेत दिसतच नाही. खात्याने मार्च २०२५ मध्ये स्वतःच खुलासा केला होता की ब्लॅक हिस्टरी मंथसारखे उपक्रम सगळ्यांना खुले असतील तर चालतील. अभ्यासक्रमात काय शिकवायचं ते ठरवायचा अधिकार केंद्राला कायद्यानेच नाही. तरी माझ्या शेजारच्या वर्गातल्या बाईंनी भिंतीवरचं पोस्टर उतरवून कपाटामागे ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, माझी पेन्शन चार वर्षांवर आलीय गं. याला धोरण पाळणं म्हणायचं का?

नाशिकचा मास्तर
लांबून बोलतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी ठेवलेल्या, २५ टक्के जागांचं असंच झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने अधिसूचना काढली की किलोमीटरभरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्या जागा द्यायची सक्ती नाही. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मधल्या चार-पाच महिन्यांत पालक नुसते हेलपाटे घालत होते. आदेश आला की लगेच सगळं मोडून टाकणारे शेवटी तोंडघशी पडतात.

मावशी, तुमच्या गूगल फॉर्मवर आमच्याकडे उपाय आहे. सोडत. महिनाभर अर्ज घ्या आणि मग चिठ्ठ्या काढा. पहिल्या रात्री नऊला भरा नाहीतर शेवटच्या दिवशी भरा, सारखंच.

अद्वैतची आई
एक राहून जातंय. या डीईआयच्या भांडणात 'समावेश' म्हटलं की लोक आता माझ्या लेकाकडेही संशयाने बघतात. तो ऑटिस्टिक आहे, कानाला हेडफोन लावून इतर मुलांच्याच वर्गात बसतो, शेजारी मदतनीस असते. हे १९७५ पासूनच्या कायद्याने मिळालेलं आहे, त्याला या पत्राने हात लागलेला नाही. पण मार्च २०२५ मध्ये खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाच्या बारापैकी सात विभागीय शाखा बंद केल्या, आणि अपंग मुलांशी भेदभाव झाल्याच्या तक्रारी तिथे जातात. केंद्राचा पैसा शाळेच्या खर्चात जेमतेम दहावा हिस्सा असेल, पण तो नेमका गरीब वस्तीत आणि आमच्यासारख्यांच्या पोरांवर जातो. शाळेने ताठ मानेने 'नको तुमचा पैसा' म्हटलं तर ती मदतनीस पहिली जाईल. न्यूयॉर्कचं कौतुक करताना हेही लक्षात ठेवा.

पोटोमॅककाठचा
अद्वैतची आई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ह्यूस्टनबाई, राज्य विचारायला हवं होतं, मान्य.

मास्तरांची सोडत उचलली. काल मुख्याध्यापिकाबाईंना मसुदा पाठवला: वर्ग सर्वांना खुला, अर्ज तीन आठवडे, कागदावर भरला तरी चालेल, निम्म्या जागा सवलतीचं जेवण घेणाऱ्या मुलांना, उरलेल्या सोडतीने. पत्रक इंग्रजी, स्पॅनिश आणि अम्हारिकमध्ये, आमच्याकडे इथिओपियन घरं बरीच आहेत. वंशाचा उल्लेख कुठेच नाही. उत्तर आलं, 'छान आहे, जिल्ह्याच्या वकिलांकडे पाठवते.'

दोन मुलांचा बाप
निम्म्या जागांचं पटलं. सोडतीचं नाही. ज्या पोराला खरंच गणित आवडतं त्याची चिठ्ठी निघाली नाही तर?

एडिसनची मावशी
मग दुसरी तुकडी काढायला लावा शाळेला. त्या अर्जावर सही करायला मी जर्सीहून येते, तुम्ही आधी पीटीएच्या पुढच्या बैठकीला जा.